गठ्ठ्यात सरकवलेली चित्रं

पेंटरला सगळा रस्ता पेंटरच म्हणायचा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चाळीस वर्षं त्याने लोकांचे शब्द लिहिले: 'दवाखाना वरच्या मजल्यावर', 'येथे गाड्या लावू नयेत', 'चौकशी आत करावी'. पाटी लिहून झाली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, एक डोळा मिटायचा आणि ब्रश हवेत धरून उभा राहायचा. जाणारेयेणारेही थांबायचे. पडदा वर जायच्या आधी प्रेक्षागृहात जी शांतता पसरते, तशी त्या फुटपाथवर पसरायची. मग पेंटर मान हलवायचा, आणि लोक पुन्हा चालू लागायचे.

अक्षर सोडून चेहरा त्याने एकदाच काढला. केशकर्तनालयाच्या मालकाला पाटीच्या कोपऱ्यात गुळगुळीत दाढी केलेला हसरा माणूस हवा होता. पाटी चढली. पेंटरची बायको, तेव्हा नवी नवरी, मुद्दाम बघायला आली. मान तिरकी करून म्हणाली, "हा दाढी करायला नाही आला, दाढ काढायला आलाय!" मालकासकट सगळे पोट धरून हसले. पेंटरही हसला. पण त्यानंतर तो चित्राच्या वाटेला गेला नाही.

पुढे छापील बोर्ड आले आणि पेंटरच्या सकाळी मोकळ्या झाल्या. त्या तो फ्रेमवाल्याच्या दुकानात घालवू लागला. फ्रेमवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र. दुकानाच्या मागच्या टेबलावर जाड कागदाची कात्रणं पडलेली असत, आणि कोणीतरी विसरून गेलेली जलरंगांची पेटीही. एक दिवस पेंटरने तिच्यात ब्रश बुडवला. त्याला दोन वर्षं झाली. घरी त्याने याचा चकार शब्द काढला नव्हता.

अशात ती दोघं एका खोलीच्या भाड्याच्या घरातून दोन खोल्या आणि हॉल अशा नव्या घरात राहायला आली. बायको शिवणकाम करायची. नव्या भिंतींकडे बघून ती म्हणाली, "किती पांढऱ्याफटक! कोणाच्या तरी पोटात दुखत असल्यासारख्या. चार चित्रं लावू या. पेन्सिलीची, पाण्याच्या रंगांची, साधी."

फ्रेमवाला तिथेच चहा पीत होता. "वहिनी, चित्रकारांनी विकायला ठेवलेली पुष्कळ चित्रं आहेत माझ्याकडे. रविवारी गठ्ठाच आणतो. आवडतील ती ठेवा."

शनिवारी पेंटरने त्या गठ्ठ्यात स्वतःची दोन चित्रं हळूच सरकवली. एक होड्यांचं, एक पिवळ्या फुलांचं. सही नाही.

"अरे, सरळ सांग की तिला," फ्रेमवाला म्हणाला.

"सांगितलं तर ती माझ्याकडे बघेल. चित्राकडे नाही."

"आणि नाही निवडलं तर?"

"तर ती पेटी देऊन टाक कोणालाही. मी परत हात लावणार नाही."

पेंटर हे अगदी सहज बोलला.

रविवारी सकाळी हॉलमधलं सगळं सामान एका बाजूला सरकलं. बायकोने चित्रं भिंतीला टेकवून ओळीने उभी केली आणि एकेकावरून नजर फिरवली. मग आत जाऊन मशीनवर बसली.

"वहिनी, निवडायची ना?" फ्रेमवाला बुचकळ्यात पडला.

"निवडतेच आहे. कापडाचं असंच करते मी. एकदा बघायचं, पाठ फिरवायची, चार टाके घालायचे. मग जे डोळ्यासमोर येतं ते खरं. जे आठवत नाही ते परत दुकानात."

पेंटर खिडकीपाशी उभा होता. पहिल्याच प्रयोगाला विंगेत उभ्या असलेल्या नटासारखा तो आतला कानोसा घेत होता. आतून मशीनची घरघर यायची, थांबायची, पुन्हा यायची.

ती बाहेर आली. "ते म्हातारे हात, पेन्सिलीचे. ते ठेवा. तो धुक्यातला पूलही." मग ती फुलांच्या चित्रापाशी आली. "हे कोणाचं आहे, भावजी?"

"असेल कोणाचं तरी," फ्रेमवाला छताकडे बघत म्हणाला.

"फुलं बिचारी फोटो काढायला बसवल्यासारखी ताठ आहेत. हलली तर रागावेल कोणीतरी." चित्र बाजूला गेलं. तिने होड्या उचलल्या, उजेडाकडे धरल्या, डोळे बारीक केले. "आणि ही गंमत बघा. पाण्याखालून पेन्सिलीच्या दोन ओळी दिसताहेत, पट्टीने आखलेल्या. मधे 'होड्या भाड्याने मिळतील' एवढं लिहायचं तेवढं राहिलंय."

फ्रेमवाल्याला चहाचा ठसका लागला. पेंटर खिडकीबाहेर बघत राहिला. वर एक ओळ, खाली एक ओळ आखल्याशिवाय त्याचा हातच चालत नसे. पाटीवर तो त्या खडूने आखे, आणि जाड तेलरंगाखाली त्या कायमच्या पुरल्या जात. जलरंगाने त्यांना उघडं पाडलं होतं. संपलं, त्याला वाटलं. पण फार वाईट वाटलं नाही. तिने बघितलं तर होतं नीट.

"आणि हे?" बायकोचा आवाज बदलला.

पेंटर वळला. तिच्या हातात वीतभर कागद होता. जुन्या घराची मागची पायरी, पालथी घातलेली बादली आणि भिंतीवरची ओल. फ्रेमवाल्याकडे चहा यायची वाट बघताना, रंगाचं उरलेलं पाणी संपवायला म्हणून त्याने ते काढलं होतं आणि रद्दीत टाकलं होतं. ते त्याने गठ्ठ्यात ठेवलं नव्हतं. फ्रेमवाला एकाएकी आपल्या चपला शोधू लागला होता.

बायकोने चित्रातल्या ओलीवर बोट टेकवलं. "ही ओल," ती म्हणाली, "तीस वर्षं मी हिला शिव्या दिल्या. अशी पसरायची बघा, खालून वर. अगदी अशीच." मग मान वर न करता म्हणाली, "कधीपासून काढताय?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला आज कळतंय."

"तुला कसं कळलं?"

"होड्यांच्या ओळी बघितल्या तेव्हाच. तुमच्या कपड्यांवरचा त्या ओळींचा खडू धुण्यात गेली की माझी हयात." ती हसली. "फुलं आणि होड्या घेऊन जा, भावजी. मी उगाच गोड बोलणार नाही. हे मात्र घरात राहील."

पेंटरने हातोडी आणली. चेहरा लपवायला काहीतरी काम हवंच होतं. हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर, येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल त्या जागी, त्याने चित्र धरलं. "इथे?"

"हॉलमध्ये पूल लावा."

"का? हे लोकांना दाखवण्यासारखं नाही?"

"लोकांचं काय घेऊन बसलात? मी कधी बसते का हॉलमध्ये?" तिने त्याच्या हातातून चित्र घेतलं आणि आत नेऊन मशीनसमोरच्या भिंतीवर टेकवलं. "दिवसभर मी इथे असते. मान वर केली की समोर नुसता चुना."

पेंटरने सवयीने हात उंच करून खिळ्याची खूण केली.

"तिथे कोण बघणार, छतावरची पाल? बसून बघा जरा."

तो तिच्या स्टुलावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाय मशीनच्या पायडलवर आपोआप गेले, मान पुढे झुकली. त्याने डोळे वर केले. मग त्याने पाटी बघताना मिटायचा तसा एक डोळा मिटला, हात लांब केला आणि बसल्या जागेवरूनच खूप खाली एक खूण केली.

"इथे दिसेल?"

"दिसेल," ती म्हणाली. "आणि पुढचं काढाल ते ओळी न आखता काढा."