डोंगराची पलीकडची बाजू

बुद्धप्रिया नांदेडला एसटीत वाहक होती. भरल्या गाडीत पुढून मागं जाताना कुणाच्या पायावर पाय न पडू देण्याची तिची हातोटी सगळ्या आगाराला माहीत होती. सुट्टीच्या दिवशी ती डोंगरात पळायला जाते असं सांगितलं की मात्र लोक हसायचे. "कुत्रं मागं लागतंय का मॅडम?"

माहेरी, औशाला असताना ती पोलीस भरतीसाठी माळावर पळायची. भरतीत उंची बोटभर कमी पडली, पण पळणं काही सुटलं नाही. डांबरी रस्त्यावर तिचा जीव रमत नसे. दगडगोटे, बोरीचे काटे, पायाखालून सरकणारा मुरूम, असलं काही असलं की ती खुलायची. मुदखेडच्या बाजूला सोनवाडीचा डोंगर होता. शिवप्रसाद नावाच्या बँकेतल्या माणसानं पळणारी चार माणसं जमवली होती, ती दर रविवारी तिथं जायची. चढावर बुद्धप्रिया सगळ्यांच्या पुढं असायची आणि माथा ओलांडला की पलीकडच्या उतारावर स्वतःला सोडूनच द्यायची. लातूरकडच्या एका डोंगरी शर्यतीत ती बायकांत दुसरी आली, तेव्हा नवरा रविकांत आठवडाभर ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवत हिंडला होता.

मग एके दिवशी अर्धापूरच्या गाडीत तिकीट काढताना मशीनची बटणं तिच्या बोटांना कळेनात. संध्याकाळी गाडीच्या पायऱ्या उतरताना चालकानं हात धरला. सकाळी उठायला गेली तर पाय जागचे हललेच नाहीत. दोन्ही पाय समोर होते, दिसत होते, आणि तिचे नव्हते. डॉक्टरांनी जीबीएस म्हणून सांगितलं. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच उलटून नसांवर गेली होती.

रविकांत वीज मंडळात लाइनमन. खांबावर चढणारा माणूस, तो आता बायकोला उचलून संडासला नेऊ लागला. भिंत धरून, मग काठी घेऊन, मग नुसतीच, अशी ती हळूहळू चालायला लागली. कामावर रुजू होते न होते तोच औशाहून फोन आला. आईला, चांगुणाबाईंना, लकवा मारला होता. भाऊ नव्हता. बुद्धप्रियानं औशाला बदली मागून घेतली. आई स्वतःच्या हातानं घास खायला लागली, तेव्हा तिला सोबत घेऊनच ती नांदेडला परतली. या सगळ्यात पाच वर्षं गेली. शिवप्रसादची पुण्याला बदली झाली होती, बाकीचे पांगले होते.

"मी सोनवाडीला जाऊन येते," एका शनिवारी ती म्हणाली.

रविकांतनं भाकरी मोडता मोडता वर पाहिलं. "पळायला?"

"हाव."

"मी येतो. खाली बसतो."

रविवारी सकाळी मोटारसायकल पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी लावून तो बसला. रस्त्यावरून डोंगर होता तसाच दिसत होता. सीताफळीची झुडपं, वर माथ्यावरचा उताणा खडक. बुद्धप्रियानं नाडी बांधली आणि निघाली.

धाप लागली, ती तर लागणारच होती. खरी अडचण तळव्यांची होती. आजारानं त्यांची जाणीव पुरती परतलीच नव्हती. पायाखाली खडा आहे की माती, हे पायांना कळायचं नाही, म्हणून डोळ्यांनी बघून पाऊल टाकायचं. मान खाली घालून, एकेक पाऊल पारखत ती चढली. तरी खडकापाशी पोचली तेव्हा अंगावर काटा आला. पोचले! आता उतार. वाट इथून डावीकडं वळते, मग घळीतून खाली जाते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तिनं वेग धरला. चार ढांगा टाकल्या आणि खाली बघितलं तर पुढच्या पावलाला जमीनच नव्हती.

ती धाडकन मागं बसली. हाताला सीताफळीची फांदी लागली, ती तिनं मुठीत घट्ट आवळली. समोर घळ नव्हती, उतार नव्हता. डोंगराची पलीकडची बाजूच नव्हती. सुरीनं कापल्यासारखा सरळ काळा कडा, आणि खोल तळाशी हिरवं साचलेलं पाणी. त्याच्या कडेला पिवळं मशीन, खेळण्याएवढं. कुंपण नाही, पाटी नाही, साधी दोरीसुद्धा नाही.

"आगु! आगु!" मागून कुणीतरी ओरडलं. "थांब गं बाई, हलू नको!"

हातात काठी घेतलेली एक म्हातारी शेळ्या सोडून धावत आली. तिनं बुद्धप्रियाच्या काखेत हात घालून तिला मागं ओढलं. लक्ष्मम्मा तिचं नाव. देगलूरकडची, घरात तेलुगू बोलणारी, लेकीकडं येऊन राहिलेली.

"मावशी, इथला डोंगर कुठं गेला?"

"खडी झाली की त्याची. रस्त्याला. माझ्या दोन शेळ्या गेल्या इथून. कोण इचारतंय?"

तेवढ्यात खाली भोंगा वाजला. लक्ष्मम्मानं तिचं मनगट धरलं आणि खडकाच्या आड खाली दाबलं. जमीन हादरली. आवाज कानात नाही, छातीत आला. मग वरून दगडांचे बारके तुकडे टपटपले, सीताफळीची पानं पांढरी झाली. बुद्धप्रियाला श्वास घेता येत होता, पण हातपाय ऐकेनात. पहिल्या दिवसासारखेच. तिला वाटलं, परत आलं ते दुखणं.

स्फोट ऐकून रविकांत वर धावला होता. धुळीतून "प्रिया! प्रिया!" करत आला, चप्पल कुठंतरी पडलेली. कडा बघून तो तिथंच उकिडवा बसला.

"तू पहिल्यासारखी पळत आली असतीस तर..." तो म्हणाला.

तिलाही तेच कळलं होतं. पूर्वीची ती या माथ्यावरून पायांकडं न बघता सुसाट सुटायची. पण त्या आजाराचे उपकार मानायला तिचं मन तयार होईना. उलट संतापानं तिला रडू फुटलं. "माझे पाय गेले तेव्हा कुणाचा दोष न्हवता हो," ती म्हणाली, "हे तर कुणीतरी करून ठेवलंय ना!"

पुढच्या रविवारी लक्ष्मम्माला घेऊन तिघांनी मिळून कड्याच्या अलीकडं दगड रचले आणि त्यांना चुना फासला. बुद्धप्रियानं तहसीलला अर्ज दिला, फोटो दिले, पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहिली. अखेर तारेचं कुंपण आलं, तेही अर्ध्याच कड्याला. उरलेल्यासाठी ती अजून जाते. स्फोट अजून होतात.

पळणं तिनं सोडलं नाही. लक्ष्मम्मानं पूर्वेची शेळ्यांची वाट दाखवली, त्या वाटेनं ती जाते. पंधरा पावलं पळते, पाच चालते. हल्ली तर बरंच अंतर न थांबता जाते. फक्त माथा जवळ आला की पाय आपोआप थांबतात. पुढं जमीन आहे, हे डोळ्यांनी नीट बघून घेतल्याशिवाय ते पुढं पडत नाहीत.