कंदील विझला नाही

आमच्या निलंग्याकडं पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. त्यात उतरायच्या आधी दोरीनं कंदील खाली सोडायचा. विझला की समजायचं, हवा वाईट हाय. बापानं मला एवढंच शास्त्र शिकवलं. जन्मभर पुरलं ते. यंदा पुरलं नाही.

गेल्या थंडीत बायको गेली. फुप्फुसाचा कॅन्सर. लातूरच्या डॉक्टरनं विचारलं, विडी ओढत होत्या का, तंबाखू? ती मिश्रीसुद्धा लावत नव्हती. तरी मयतीला आलेल्या बाया कुजबुजल्या, चोरून ओढत असंल. मेलेल्या माणसालाही लोक सोडत नाहीत.

पुढं गावच्या शाळेत आरोग्याच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, जमिनीतून, दगडातून रेडॉन नावाचा वायू निघतो. भेगांतून घरात शिरतो, बंद खोलीत साठतो. वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं तीच हवा घेतली तर विडी न ओढणाऱ्यालाही फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

"आता जमीन बी वैरी झाली म्हणा की!" शेजारचा म्हातारा बोलला. माणसं हसली.

मी उठून विचारलं, "बाई, त्यानं कंदील विझतो का?"

"नाही काका. दिव्याला ते कळत नाही. मोजायची डबी ठेवावी लागते. तोवर खिडक्या उघडा, भेगा बुजवा."

"माझी बायको त्यानंच गेली का?"

"ते मला नाही सांगता येणार."

मला राग आला. पण बाई खरं बोलली.

घरी येऊन मी कंदील लावलाच. आमची मधली खोली दगडी. एकच झरोका, तोही पोत्यानं बुजवलेला. लग्न होऊन आली तेव्हापासून बायको तिथंच निजायची. वात सरळ उभी राहिली. बरं वाटलं. मग बाईचं उत्तर आठवलं, अन् त्या उजेडाचाच राग आला.

धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आई नाही म्हणून माझी बहीण आली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आमच्यात हीच खोली. बहिणीनं तिथं बाज टाकली, शेगडी ठेवली. मी बाज उचलून पुढच्या खिडक्यांच्या खोलीत नेली. मग पहार घेऊन झरोका फोडायला लागलो.

बहीण धावत आली. "दादा, येडा झालास का? पोरीला वारं लागंल!"

"लागू दे. वारं कळतं तरी. त्याला गोधडी हाय."

"वैनी असती तर असलं करू दिलं असतं का?"

"ती न्हाई म्हणूनच फोडायलोय."

ती पदरानं दगडाची धूळ पुसत बसली.

आता बाळ पुढच्या खोलीत रडतं. डबी मागितलीय, अजून आली नाही. मी मधल्या खोलीत दार उघडं टाकून बसतो. झरोक्यातून ऊन येतं. बायको निजायची तिथल्या भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. इतकी वर्षं कधी दिसला नव्हता, उजेडच नव्हता.

बहीण म्हणते, चुना मारून घे. मी मारू देत नाही.