तूबाचा शेवटचा ताणा

इराणातल्या यज्दच्या जामे मशिदीच्या बोळात हाजी मोख्तारचं तेर्म्याचं दुकान आहे, आणि त्या दुकानात तूबा खानम बावीस वर्षं कमरेपर्यंत खड्ड्यात बसलेली आहे. तेर्मे म्हणजे आमचं कोयऱ्यांचं रेशमी कापड. दाराशी माग, मागाच्या खड्ड्यात तूबाचे पाय, आणि वर फळीवर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढणारा तिचा दीर बरातअली. नवरा गेला तेव्हा हाजीने दुकानामागच्या दोन खोल्या तिला दिल्या, त्या मागावर बसायच्या बोलीवर. पाहुणे थांबतात, तिचे फोटो काढतात आणि आत जाऊन विकत घेतात ते गिरणीचं कापड. हाजी तेच हातचं म्हणून खपवतो, वर शपथ घ्यायलाही कमी करत नाही मेला.

खरी मेख पुढेच आहे. तूबाने दिवसभरात चार-सहा बोटं विणायचं आणि दुकान बंद होताना ते सगळं उकलून ठेवायचं, असा हाजीचा हुकूम. कारण हा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला, तर नवा चढवायला गावात माणूस उरलेला नाही. हजारो धागे एकेक करून ओवणारे म्हातारे कधीच मातीआड गेले. म्हणून सहा वर्षं तेच ते. उकलून उकलून रेशमाला लव आली होती. जीव विटला होता बाईचा.

तरी तिने कधी चकार शब्द काढला नाही. तोंड उघडलं ते यंदाच्या उन्हाळ्यात. हाजी म्हणाला, तुझे हात आता थरथरतात, फोटोत तरणा चेहरा लागतो, तेव्हा रेहानेला विणायला शिकव आणि मेहर महिन्यात तिलाच बसव. रेहाने म्हणजे तूबाची एकुलती लेक. तिला त्याच मेहरमध्ये केरमानला नर्सिंगला जायचं होतं, जागा पक्की झाली होती. तूबाने खूप गयावया केली. हाजीने जपमाळ ओढता ओढता खोल्यांची आठवण करून दिली.

त्या दिवसापासून तूबाने उकलणं बंद केलं. तिच्या मनात एकच होतं, ताणा संपला की माग मेला, मग पोरीला बसवणार कुठे? खोल्या गेल्या तर तफ्तला बहिणीकडे पडून राहू. बरातअलीला वरून सगळं दिसत होतं. तो नुसता म्हणाला, "वहिनी, जरा भराभर हात चालवा." विणलेलं कापड खाली रुळाला गुंडाळत जायचं. हाजी तिकडे कशाला बघतोय, त्याची नजर गिऱ्हाइकांच्या खिशावर.

मेहरच्या आधीच्या शहरीवर महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी ताणा संपला. तूबाने कात्री लावली, आठ-नऊ हात कापड मांडीवर घेतलं, एक पाय खड्ड्याबाहेर काढला आणि हाजीला हाक मारली.

"हाजी आगा, संपलं. आता पोरीला शिकवायला काही उरलं नाही."

हाजीने कापडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रिकाम्या मागाकडे पाहिलं आणि हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तूबा खानम, खुळी की काय तू? तिला विणायला शिकवायचं, तेवढीच काय ती अडचण होती. आता गिरणीचं कापड मागावर ताणून बांधू. तिने नुसता धोटा इकडून तिकडे न्यायचा. बघणाऱ्यांना काय कळतंय? शनिवारी पाठव."

 बरातअली फळीवरून उतरत होता, तो मधेच थांबला.  मग तूबाने कापडाची घडी केली, दिराच्या हातात दिली आणि रेहानेच्या पेटीत ठेवायला सांगितली. बाहेर काढलेला पाय तिने परत खड्ड्यात सोडला.

"नुसते हात हलवायचेत ना? मग माझेच चालतील. थरथरले, तर विणतेय असंच वाटेल लोकांना. पोरगी केरमानला जाईल."

हाजीने जरा विचार केला आणि होकाराची मान डोलावली.

शनिवारी सकाळी रेहानेची बस गेली. दुपारी दुकानात पाहुणे आले, तेव्हा तूबा मागावर ताणलेल्या गिरणीच्या कापडावर रिकामा धोटा टाकत होती आणि बरातअली वर बसून कशालाच न बांधलेल्या दोऱ्या ओढत होता. एका बाईने कौतुकाने विचारलं, आज किती विणलंत? तूबा म्हणाली, चार बोटं. संध्याकाळी उकलायला मात्र काहीच नव्हतं.