नाम्याला अडवायला अकोल्याला गेले, त्याची हकीकत

माझा मुलगा नामदेव जपानला जायचं म्हणत होता आणि त्याला अडवायला मी अकोल्याला गेले. चार यत्ता शिकलेली बाई मी. वर्णनबिर्णन जमत नाही.

नामा अमरावतीला मॅट्रिक झाला आणि पुस्तकावरून जपानी शिकू लागला. अकोल्यात कापूस घेणारा एक जपानी साहेब राहायचा. त्यानं चिठ्ठी दिली तर तिकडे वर्षभर भाषा, मग युनिव्हर्सिटी. मी म्हटलं, "मी बी येतो." नाम्याला वाटलं, आई पाठबळाला येते. माझा बेत वेगळा. नवरा नाही, हा एकुलता एक. साहेबाला बाजूला घेऊन सांगायचं, चिठ्ठी देऊ नको.

अंजनगावहून सकाळची छोटी गाडी घ्या. माणूस उतरून पाणी पिऊन पुन्हा चढेल, अशी तिची चाल. चार स्टेशनं मी शिव्या दिल्या, मग दमले. भाकरी-ठेचा घरूनच न्या, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीची वाट पाहावी लागते. तिथे नामा पुस्तक धरून पुटपुटत होता. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, पोराले लागीर झालं काय?"

"हो, जपानचं."

अकोल्यात टांगेवाला तीन आणे मागतो. न बोलता चालायला लागा, मागून दोन आण्यांत येतो.

साहेबाच्या दारात सगळ्यांचे जोडे ओळीनं काढलेले. आमचा पानमळा आहे, आणि पानवेलीत पायताण घालून कोणी शिरत नाही. मी म्हटलं, "नाम्या, अंदर पानमळा लावला वाटते यानं. पाय धू." नळावर पाय धुऊन मी तशीच ओली आत शिरले. वेल कुठली! पांढरी चटई होती, आणि तिच्यावर माझी पावलं. नाम्यानं डोळे मिटले. साहेबानं वाकून नमस्कार केला. मी वाकले. तो पुन्हा वाकला. थांबायचं कधी, कळेना.

मग नामा जपानी बोलला. साहेब बराच वेळ ऐकून मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "माँजी, थोडा समझा, बाकी नहीं. लडका दुबला. उधर बरफ. भाषा बहुत कठिन. मत भेजो."

घ्या! मागायच्या आधीच मिळालं. 'बरं साहेब' म्हणून उठायचं तेवढं राहिलं होतं. नाम्याची मान खाली गेली होती.

"कावून नाई जमणार?" कोणीतरी ओरडलं. मीच. "याचा बाप गेला तवा हा बारा वर्साचा होता. सारे म्हनत, पोराले मळा नाई जमत. एका पावसाळ्यात वेल चढवाले शिकला. त्याचं पान आज परतवाड्यात विकते. तुमची भाषा पानवेलीहून नाजूक हाय काय?"

"आई, गप ना."

"तू चूप बस. साहेब, तुमी कापूस नुसता पाहून घेता? बोटानं ओढून पाहता ना? मंग याले बी ओढून पाहा वर्सभर. तुटला तं धाडून द्या."

साहेब हसला नाही. त्यानं कागद पुढे ओढला आणि लिहायला बसला.

परतताना मूर्तिजापूरला चहा घेतला, तेव्हा नामा म्हणाला, "आई, तू मले थांबवाले आलती ना?"

"चहा पी, थंडा होऊन राहिला."

नामा जपानला गेला, त्याला आता दोन पावसाळे झाले. भाषेचं वर्ष पार पडलं, युनिव्हर्सिटीत नाव लागलं, असं पत्र आलं. वेलींना पाणी मीच देते; गुडघे बोंबलतात. बाजारात बाया विचारतात, "कोन्या मुडद्यानं धाडलं वं एकुलत्या पोराले इतक्या दूर?" आणि त्या मुडद्याला पोटभर शिव्या देतात. मीही दोन घालते.