भिंतीवरची तनुश्री

रविवारची दुपार आहे, पोटात वरण-भात आहे, डोक्यावर पंखा आहे आणि टीव्हीवर पिक्चर. झोप यायला माणसाला आणखी काय लागतं? तनुश्री दिवाणावर आडवी होते ती 'नुसती पाठ टेकते' असं स्वतःला बजावून, आणि पाठ टेकते ती टेकतेच.

पिक्चर परदेशातला, हिंदीत डब केलेला, त्यामुळे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात माणसांच्या नकला बनवतात. हुबेहूब. चेहरा तोच, आठवणी त्याच, गुडघ्यावरचा व्रणसुद्धा तोच. आणि नकलेला माहीतच नसतं की आपण नक्कल आहोत. ती बिचारी ऑफिसला जाते, भांडते, केस कापून घेते. नायिकेला आता संशय आलाय की आपणही त्यातल्याच. कारण तिला कशाचं काही वाटेनासं झालंय.

या बाईची आणि आपली ओळख करून द्यायला हवी कुणीतरी, असं तनुश्रीच्या मनात येतं.

तिलाही चार महिने काही वाटत नाहीये. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, आपलाच असून दुसऱ्याचा? तसं, पण सगळंच. धनश्री, तिची चौदा महिन्यांनी मोठी बहीण, ऑगस्टमध्ये डेंग्यूनं पाच दिवसांत गेली. घर रडलं, गल्ली रडली, दूधवाले काका सायकलला धरून रडले. तनुश्रीनं सगळ्यांना पाणी दिलं.

आणि मग ती फोटोची भानगड झाली.

आईनं दोघींना कायम एकाच ताग्यातलं कापड घेऊन कपडे शिवले, त्यामुळे गल्लीत त्यांना 'बँड पार्टी' म्हणायचे. मामा तर एका दमात 'धनूतनू' अशीच हाक मारायचा, म्हणजे चुकायची भीती नको. दहाव्याच्या घाईत याच मामानं मावशीच्या लग्नातला ग्रुप फोटो उचलला, स्टुडिओत नेला आणि जांभळ्या परकर-पोलक्यातल्या दोघींपैकी एकीवर बोट ठेवलं. स्टुडिओवाल्यानं ती मोठी केली, गोरी केली, गालावरचं सगळं पुसून गुळगुळीत केली. फ्रेम आली, हार चढला, आई समोर बसून हमसाहमशी रडली. एकट्या तनुश्रीला दिसलं की पोलक्याच्या गळ्याला सेफ्टी पिन आहे. लग्नाच्या दिवशी हूक तिचं तुटलं होतं. पिन तिनंच लावली होती.

भिंतीवर ती स्वतः आहे.

हे तिनं कुणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर आईला वाटेल, आपल्याला आपल्या मुलीसुद्धा ओळखता येत नाहीत. त्यापेक्षा नको. रोज संध्याकाळी आई तनुश्रीच्या चेहऱ्यासमोर उदबत्ती लावते, आणि तनुश्री शेजारी उभी राहून स्वतःलाच हात जोडते.

टीव्हीतला पांढरा बोळ लांब होत जातो. चपलांच्या स्टँडपाशी वळतो आणि दिवाणाला येऊन लागतो.

"सरक," कुणीतरी म्हणतं. "दिवाण काय तुझ्या बापाचा आहे?"

"तुझ्याही बापाचा आहे," तनुश्री म्हणते आणि सरकते.

धनश्री बसते. अंगात शाळेचा युनिफॉर्म, पायांत मोजे, बूट नाहीत. हातात मीठ लावलेली कच्ची चिंच. तनुश्रीला दचकायला हवं हे कळतं, पण ते दचकणं शेजारच्यांच्या घरात चालू असल्यासारखं लांबून ऐकू येतं. धनश्री विचारते, यातली खरी कोण आणि नक्कल कोण. तनुश्री म्हणते, अजून कळलं नाही. धनश्रीला म्हणे पहिल्या मिनिटाला कळलंय, पण ती सांगणार नाही. जिवंत होती तेव्हाही ती अशीच पिक्चरचा शेवट पोटात ठेवून मिजाशीत बसायची.

चिंचेचा चोथा टाकायला दोघी उठतात आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतात. रांगेनं मुली बसल्यात, सगळ्या जांभळ्या परकर-पोलक्यात, सगळ्यांचं तोंड एक. हजेरी चालू आहे. बाई एकच नाव घेतात आणि सगळ्या एकदम 'हजर' म्हणतात. तनुश्रीही तोंड उघडते, तर तिचा आवाज मागच्या बाकावरून येतो. खिडकीतून एसटी स्टँड दिसतोय, पण दारातून बाहेर पडलं की स्टँड नसतो, फोटो स्टुडिओ असतो. मागं रंगवलेला धबधबा, बाजूला प्लास्टिकचा मोर. कॅमेऱ्यापाशी पिक्चरमधला डॉक्टर उभा आहे. तो अगदी अदबीनं विचारतो, तुमच्यातली मूळ कुठली आणि नक्कल कुठली, फॉर्म भरायचाय.

"ही मूळ," तनुश्री धनश्रीकडं बोट दाखवते.

"का गं?"

"मला काही होत नाही, धने. तू गेलीस, तरी नाही झालं. खऱ्या माणसाला काहीतरी होतं."

धनश्री हसते, तोंड मिटून. पाचवीत हापशाचा दांडा तोंडावर बसून तिचा पुढचा दात अर्धा गेला, तेव्हापासून ती असंच हसते. कुठल्याही फोटोत तिचे दात नाहीत ते त्यामुळंच. मग तिच्या तक्रारी सुरू होतात. हार तुला, उदबत्ती तुला, संकष्टीचा मोदकसुद्धा तुझ्यापुढं. त्या धुरानं तुला शिंका कशा येत नाहीत? नाक उडवून ती हे सगळं सांगते आणि तनुश्रीला जरा हसू येतं. मग धनश्रीची थट्टा एकाएकी थांबते.

"चार महिने आईनं माझ्याकडं बघितलेलं नाही," ती म्हणते. "बोलते माझ्याशी, बघते तुझ्याकडं."

तनुश्री तिला समजावते. सांगितलं तर आई मोडून पडेल, आत्ता कुठं ती जेवायला लागलीय. धनश्री ऐकून घेते. मागचा धबधबा हळूहळू ओला होतोय. रंगातलं पाणी दोघींच्या पायांशी येतं. धनश्रीचे मोजे भिजत नाहीत.

"हात दे."

"कशाला?"

"घड्याळ देते."

लहानपणी त्या एकमेकींना घड्याळं द्यायच्या. मनगटाला कचकन चावायचं, दातांचा गोल उमटला की झालं घड्याळ. जिचं जास्त वेळ टिकेल ती जिंकली. तनुश्री डावा हात पुढं करते. चावलं तरी आपल्याला काय कळणार, असं तिला वाटतं, आणि आधी खरंच काही कळत नाही. नुसता दाब. मग कळतं. मनगटातून कोपरात, कोपरातून सरळ घशात.

"दुखतंय," ती म्हणते. "धने, सोड. दुखतंय मला."

धनश्री सोडत नाही. डॉक्टर फॉर्मवर काहीतरी लिहितो आणि कागद उलटा करून ठेवतो.

पंखा. छत. टीव्हीवर साबणाची जाहिरात. साडेचार वाजलेत, पिक्चर संपलाय, त्या बाईचं शेवटी काय झालं ते राहूनच गेलं.

खाली पेपर पसरून आई मेथी निवडते आहे. वर न बघताच ती म्हणते की झोपेत काय बडबडत होतीस, आणि चहा गार होतोय. तनुश्री उठून बसते. मनगट ठणकतंय. ती हात उजेडात धरते. लाल गोल आहे, कडेला अजून ओलसर. वरच्या दातांची ओळ सरळ मोजता येईल इतकी स्वच्छ, आणि मधे एक दात अर्धाच उमटलेला.

ती स्वतःचे दात त्यावर ठेवून बघते. तिच्या दातांना तार बसवलीय. काही केल्या जुळत नाही.

"आई," ती म्हणते आणि हात पुढं करते.

आई हात पदराला पुसते आणि मनगट धरते. पहिल्यांदा तिला काही समजत नाही. मग तिची बोटं घट्ट होतात. अंगठा त्या अर्ध्या जागेवर जाऊन थांबतो, तिथंच राहतो. बऱ्याच वेळानं ती मान वर करून भिंतीकडं बघते. रोज ती फोटोशी बोलते. आज ती फोटोतले हसरे दात बघते, पुढचे दोन्ही अख्खे. फोटोकडून तनुश्रीकडं, परत फोटोकडं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"हार घातला तेव्हापासून."

आई मोडून पडत नाही. ती मनगटावर हळूच फुंकर घालते, भाजल्यावर घालतात तशी.

"दुखतंय का गं फार?"

"हो," तनुश्री म्हणते, आणि तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागतं, थांबवता न येणारं, मेथीवर पडणारं. आई तिला रडू देते. मग भाजीचा पेपर बाजूला सारते.

"स्टूल आण," ती फोटोच्या खिळ्याकडं बघत म्हणते.

तनुश्री स्वयंपाकघरातून स्टूल आणायला जाते. उचलताना मनगटातून कळ येते. ती हात बदलत नाही.