दिलगीर

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या चाळीत शेजारच्या गुजराती मासींनी सगळ्यांदेखत माझ्या आईवर चांदीची वाटी चोरल्याचा आळ घेतला. वाटी पुढे त्यांच्याच तांदळाच्या डब्यात सापडली. त्यांच्या मुलीने ते मला सांगितलं, पण मासी कुणापाशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी इंग्रजी शाळेतली, बुजरी. गप्प राहिले, विसरले नाही.

मुलगी सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मासी नळावर रिकामी घागर धरून नुसत्याच उभ्या होत्या. आईने विचारलं, "काय झालं, बेन?"

"आजे हुं बहु दिलगीर छुं."

गुजरातीत दिलगीर म्हणजे मनातून उदास, हे मला ठाऊक होतं. नळावरच्या नव्याने आलेल्या खानदेशी बायकांना मात्र हा शब्द मराठीतलाच माहीत होता. मी मोठ्याने म्हणाले, "आई, मासी दिलगीर आहेत म्हणतात. तुझ्यावर वाटीचा खोटा आळ घेतला ना, त्याबद्दल."

सगळ्या बायका मासींकडे वळल्या. मासींनी तोंड उघडलं, पण नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

आईला गुजराती माझ्याहून चांगलं येत होतं. तिने भरलेला हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाली, "असू द्या, बेन. माफ केलं."