दूध सोडलेला क्रेन ऑपरेटर

रेखाताईंनी दह्याचा स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि आत चमचा रोवला.

"मॅडम, तुमच्यासमोर खाऊ घाला यायले. घरी तं ऐकूनच नाही राहिले."

समोर त्यांचे यजमान बसले होते. सुधाकर ढोबळे, वय बावन्न, स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. राहायला प्लांटजवळच्या मरोद्याला. त्यांनी चमचा काढून बाजूला ठेवला, झाकण नीट लावलं आणि डबा बायकोकडे सरकवला.

"मी नाही खात जी," ते म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

मी नेहरू नगरातल्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन होते. आता रिटायर झाले. ढोबळ्यांच्या चिठ्ठीवर आमच्या डॉ. देशकरांनी लिहिलं होतं, 'बी-ट्वेल्व्ह फार कमी. दूध, अंडी सुरू करायला समजवा.' बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व. नसा धड राहायला आणि रक्त तयार व्हायला ते लागतं. मटण, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. भाजी-भाकरीतून मिळत नाही. ते कमी पडलं की पायाला मुंग्या येतात, मग तळवे बधिर होतात.

ढोबळ्यांचे तळवे बधिर झाले होते. त्यांची क्रेन शेडच्या छताखाली रुळांवर चालायची. लोखंडी शिडी चढून केबिनमध्ये जायचं. हुकाला लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची घराएवढी मोठी बादली. एका सकाळी शिडी चढताना त्यांना पायाखालची पायरी कळली नाही. पाय ठेवला आहे की नाही, ते वाकून बघावं लागलं. ते तिथूनच खाली उतरले आणि शिफ्ट इन्चार्जला जाऊन सांगितलं.

"कोनी पाह्यलं बी नव्हतं," रेखाताई म्हणाल्या. "सांगाची काय गरज होती?"

"खाली मानसं राह्यते, रेखा."

प्लांटच्या मेडिकलने त्यांचं हाइट फिटनेस थांबवलं. उंचीवर काम करायला परवानगी देणारा कागद असतो तो. तीन महिने ग्राउंड ड्युटी, मग पुन्हा तपासणी. तेव्हाही पाय सुधारले नसते, तर क्रेन कायमची गेली असती. एकवीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

आता माझं सांगते. माझं माहेर दुर्गचं. वरण-भातावर तूप आणि शेवटी दही, यातच वाढले. नेहरू नगरातल्या कोचिंग क्लासची मुलं मोबाईलवर काहीबाही बघून यायची आणि दूध सोडलं म्हणून सांगायची. मी त्यांना दहा मिनिटांत परत दुधावर आणायची. याचा मला अभिमान होता.

"तुम्हीही मोबाईलवर बघून सोडलं का?" मी विचारलं.

"नाही जी. सोताच्या डोऱ्यानं पाहून."

घरामागच्या डेअरीतून ते वीस वर्षं रोज सकाळी दूध आणायचे. आठ महिन्यांपूर्वी एकदा थोडे लवकर पोचले. म्हशीपुढे तिचं पारडू ठेवलं होतं. ती त्याला चाटत होती आणि डेअरीवाला दूध काढत होता. पारडू हलेना म्हणून ढोबळे जवळ गेले. मेलेल्या पारडाच्या कातड्यात पैरा भरला होता. पैरा म्हणजे धानाचा पेंढा. डोळ्यांच्या जागी टाके. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून.

"ते चाटूनच राह्यली होती, मॅडम. मी रिकामी बरनी घेऊन परत आलो."

"आणि मटण? तेही सोडलंत म्हणे."

"दुधापायी मले एवढं वाटलं आन मटन खातच राह्यलो, तं मंग ते ढोंगच झालं नं."

रेखाताई उसळल्या. "पुतनीच्या लग्नात यायनं मठ्ठा परत केला. लोक हसून राह्यले होते. पंगतीतला एक जन म्हने, याले गवत वाढा. मले वर पाहावलं नाही."

मी माझं नेहमीचं सुरू केलं. अंडं तरी? नाही जी. ताक? नाही जी. निदान औषध समजून घ्या, मी म्हटलं.

"दवा पाह्यजे असन तं दवाच द्या नं. दही कावून?"

मी देशकरांची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग त्यांनीच विचारलं, "आठच महिने झाले सोडून. एवढ्यात नसा जाते काय?"

'जातात' म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. कारण एवढ्यात जात नाहीत. बी-ट्वेल्व्ह आपल्या यकृतात साठवलेलं असतं. चांगलं खाणाऱ्या माणसाचा साठा वर्षानुवर्षं पुरतो. दर रविवारी मटण खाणारा माणूस आठ महिन्यांत एवढा रिकामा कसा होईल? हे मी नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते. पण 'दूध सोडलं' एवढं ऐकलं आणि पुढचं विचारायचंच राहिलं होतं.

मी कोरा कागद घेतला. डाएट हिस्टरी, म्हणजे सकाळपासून झोपेपर्यंत पेशंट काय खातो ते. खाणं लिहून झालं. मग औषधं विचारली.

"शुगरची गोळी," रेखाताई म्हणाल्या आणि पर्समधून पट्टी काढली. मेटफॉर्मिन. नऊ वर्षांपासून, दिवसातून दोनदा.

"मुंग्या कधीपासून येतात?"

"दूध सोडलं तवापासून," त्या ठासून म्हणाल्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "नाही. थांबा. पोरगी बाळंतपनाले आली होती तवा हे झोपताना तेल लावून मागत. पायाले मुंग्या येते म्हने." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "नातू तं दीड वर्षाचा झाला."

हे रेखाताईंनी सांगितलं, याला महत्त्व होतं. नवऱ्याच्या बाजूने बोलायचं त्यांना काहीच कारण नव्हतं.

मी देशकरांच्या केबिनमध्ये गेले.

"समजावलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही. मला वाटतं, दोष एकट्या खाण्याचा नाही. नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे."

"बाई, पेशंट स्वतः सांगतोय दूध-मटण सोडलं. बी-ट्वेल्व्ह कमी. यात शोधायचं काय?"

"मुंग्या दीड वर्षापूर्वीच्या आहेत, सर. दूध सोडलं आठ महिन्यांपूर्वी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मेटफॉर्मिन ही चांगली गोळी आहे, असंख्य लोक घेतात. पण बरीच वर्षं घेतली की काहींच्या आतड्यातून बी-ट्वेल्व्ह नीट शोषलं जात नाही. देशकरांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी कॉम्प्युटरवर जुने रिपोर्ट काढले. दोन वर्षांपूर्वीच्या रक्ततपासणीत लाल पेशींचा आकार मोठा आला होता. बी-ट्वेल्व्ह कमी पडायला लागल्याची ती एक खूण असते. त्या वेळी ढोबळे दूधही पीत होते आणि मटणही खात होते. रिपोर्टवर सही देशकरांचीच होती.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनचं पॅड ओढलं.

"इंजेक्शन सुरू करतो," ते म्हणाले. "शुगरची गोळी आत्ता बंद करायची नाही, त्यांना सांगा. आणि बाई, दुधाचं राहू द्या. एवढी कमतरता दुधाने भरत नसते."

मी परत येऊन दोघांना सगळं सांगितलं. एक गोष्ट स्पष्ट केली. खाणं अगदी निर्दोष नव्हतं. टाकी आधीच गळत होती, आणि दूध-मटण सोडून वरचा नळही बंद झाला होता. असंच खायचं असेल तर बी-ट्वेल्व्ह आयुष्यभर औषधातून घ्यावं लागेल, त्यात सुट्टी नाही.

"चालते," ढोबळे म्हणाले. "इंजेक्शनात जनावराचं काही राह्यते काय?"

"नाही. ते जिवाणूंपासून बनवतात."

इंजेक्शनांनंतर द्यायच्या कॅप्सूलवर मात्र गाडी अडली. तिचं कव्हर जिलेटिनचं होतं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मी खालच्या मेडिकल स्टोअरमध्ये गेले.

"मॅडम, कव्हरचा कोण विचार करतं?" फार्मासिस्ट म्हणाला.

"माझा पेशंट करतो. साधी गोळी दाखवा."

एका गोळीत दुधाची साखर निघाली, दुसरी-तिसरीवर घटकच धड छापलेले नव्हते. चौथी चालली. पूर्वी मी अशा पेशंटला हट्टी म्हटलं असतं. त्या दिवशी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचताना मला तो हट्ट वाटला नाही. या माणसाने स्वतःची क्रेन पणाला लावून खरं सांगितलं होतं. कव्हरच्या बाबतीत तो खोटं का वागेल?

डाएट चार्ट लिहिताना माझीच परीक्षा होती. छापील चार्टची पहिली ओळ 'दूध एक कप' होती. ती खोडली. चणे, तूर, सोयाबीन, तिळाची चटणी, जवस, मुनग्याच्या पाल्याची भाजी. मुनगा म्हणजे शेवगा. रेखाताई सुरुवातीला हाताची घडी घालून बसल्या होत्या. मुनग्यापाशी बोलल्या.

"तो तं दारातच हाय. डाळीत टाकला तं हे दोन वाट्या खाते."

"मग टाका."

तीन महिन्यांनी देशकरांनी ढोबळ्यांच्या घोट्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवला. हा लोखंडी चिमटा वाजवला की थरथरतो. ती थरथर हाडाला जाणवली पाहिजे.

"कळतंय?"

"उजव्याले कळते जी. डाव्याले थोडंसं."

प्लांटने आणखी तीन महिने ग्राउंड ड्युटी दिली. ढोबळ्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या तपासणीत डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तेव्हा त्यांचा तोल गेला नाही. हाइट फिटनेस मिळालं. डाव्या पायाचा अंगठा मात्र बधिरच राहिला. उशीर झालेल्या नसा सगळ्या परत येत नाहीत. तो उशीर दोन वर्षांचा होता, आणि तो त्यांच्या ताटामुळे झाला नव्हता.

रेखाताई दही खातात, मीही खाते. त्या लग्नातली मंडळी ढोबळ्यांना अजून हसतात. ढोबळे शिडी चढतात.

मी रिटायर होण्याआधी आमच्या डिपार्टमेंटचा फॉर्म बदलून घेतला. आधी पहिला प्रश्न होता, 'काय खाता?' आता पहिला प्रश्न आहे, 'कोणती औषधं घेता आणि कधीपासून?' खाण्याचा दुसऱ्या नंबरवर आहे. पेशंटचं खाणं आपल्याला पटत नसेल, तर तो प्रश्न तिसऱ्या नंबरवर टाकायलाही हरकत नाही.